चिल्ड्रन ऑफ द कॉर्न २ : द फायनल सॅक्रिफाइस

मक्याच्या शेतातल्या पोरांच्या पंथावरचा कमी बजेटचा अमेरिकन भयपट, १९८४ च्या पिक्चरचा सीक्वल. दिग्दर्शक डेव्हिड प्राइस. साल कुठे १९९२ लिहितात कुठे १९९३, पण अमेरिकेत थिएटरला जानेवारी १९९३ मध्ये लागला म्हणून इथे तेच धरलंय. मूळ कथा स्टीफन किंगची, ती १९७८ च्या 'नाइट शिफ्ट' संग्रहातली म्हणून सांगतात, पण मासिकात १९७७ लाच छापून आली होती. सीक्वलमध्ये त्या कथेतलं गाव आणि मक्याच्या ओळींमागून चालणारा देव, एवढंच उरलंय.

नेब्रास्कातल्या गॅटलिन गावात पोरांनी मोठ्यांना मारून टाकलेलं असतं, उरलेल्या पोरांना शेजारच्या हेमिंगफर्डचे लोक सांभाळायला घेतात आणि मायका नावाचा पोरगा पुढारी झाला की परत तेच सुरू. शूटिंग मात्र नॉर्थ कॅरोलिनात.

खरी गंमत बुरशीची. गावकरी मागच्या वर्षीचा खराब मका नव्यात मिसळून विकत असतात आणि त्यावरच्या हिरव्या विषानेच पोरं भ्रमिष्ट झाली असावीत असा एक खुलासा पिक्चरमध्येच येतो. आता मक्यावरची नेहमीची विषारी बुरशी म्हणजे अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस, तिचं अफ्लाटॉक्सिन जातं लिव्हरवर, डोक्यावर नाही. १९७४ ला गुजरात-राजस्थानच्या आदिवासी पट्ट्यात असाच भिजलेला मका खाऊन काविळीची साथ आली, शंभरावर माणसं गेली, पंथबिंथ कुणी काढला नाही. भास होतात ते राय धान्यावरच्या अरगट नावाच्या बुरशीने. आपल्या बाजरीवरही अरगट येतो पण त्याने मळमळ, उलट्या, गुंगी, एवढंच. त्यामुळे हा खुलासा टिकत नाही, देवाचाच जास्त पटतो (निदान पिक्चरपुरता).

अभिनय यथातथाच. नावात फायनल असलं तरी तिसरा भाग १९९५ लाच आला, पुढे येतच राहिले.

खडकवासल्याला पावसात लिंबू-तिखट लावून कणीस खाणाऱ्या पुणेकराला मक्याचं भय वाटणं जरा अवघडच, पण जुन्नरकडच्या माणसाला उभ्या पिकाची भीती समजावून सांगावी लागत नाही, तिकडे उसात बिबट्या असतो.