वरचे अन्न: उशीर म्हणजे सुरक्षितता नव्हे
बाळाला वरचे अन्न जितके उशिरा द्यावे तितके बरे, ही समजूत काळजीपोटीच रुजली असली, तरी शरीरविज्ञानाचा तिला आधार नाही. पूर्ण दिवसांनी जन्मलेले बाळ लोहाचा साठा सोबत घेऊन येते आणि तो साधारण सहा महिन्यांत सरत येतो. आईच्या दुधातील लोह चांगले शोषले जात असले, तरी त्याचे प्रमाण लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी असते. म्हणूनच ६ महिने पूर्ण होताच लोहयुक्त पूरक आहार सुरू करावा आणि स्तनपान २ वर्षे किंवा त्यापुढेही चालू ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. घाईही नको: मान सावरलेली नसेल आणि जीभ घास बाहेर ढकलत असेल, तर बाळ अजून तयार नाही.

उशिराच्या समजुतीला सर्वांत मोठा धक्का बसला तो ॲलर्जीच्या बाबतीत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० बाळांपैकी काहींना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, तर इतरांना ते पूर्ण वर्ज्य केले. पाचव्या वर्षी खाणाऱ्या गटात शेंगदाण्याच्या ॲलर्जीचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळले. अर्थात अशा बाळांना शेंगदाणा प्रथम देण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि अख्खा दाणा तर कोणत्याच बाळाला देऊ नये.

कारण खरा धोका पुष्कळदा पदार्थात नसून त्याच्या आकारात असतो. गोल, कडक किंवा गुळगुळीत तुकडा बाळाच्या अरुंद श्वासनलिकेत बुचासारखा बसतो; त्यामुळे द्राक्षाचे उभे चार काप करावेत, गाजर मऊ शिजवावे. मध मात्र कोणत्याही रूपात बाळ एक वर्षाचे होईपर्यंत टाळावा, कारण त्यात असू शकणारे बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जिवाणूंचे बीजाणू बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करू शकतात आणि घरच्या शिजवण्याने ते मरत नाहीत. मीठ-साखर घालण्याची गरज नाही. चव मोठ्यांना अळणी लागते, बाळाला नव्हे.

भरवताना बाळ ताठ बसलेले असावे आणि कुणीतरी सतत समोर असावे. घास पुढे-मागे करताना बाळाला उबळ येते, चेहरा लाल होतो, खोकल्याचा आवाज येतो. ही संरक्षक प्रतिक्रिया असते आणि तेव्हा तोंडात बोट घातल्यास घास उलट आत ढकलला जातो. आवाजच बंद झाला, ओठ निळसर पडू लागले, तर मात्र श्वासमार्ग अडला आहे असे समजून तत्काळ प्रथमोपचार करावेत. ते पहिल्या घासाआधीच शिकून घेतलेले असावेत.