पार्श्वभूमी : 'हवामान' या एका शब्दात अडकलेला वाद

ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेच्या पाण्याने राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 55 फूटही मागे टाकले होते आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला होता. त्याच महिन्यात औरंगाबादहून विमान उडवून मराठवाड्यावरील ढगांत कृत्रिम पावसाचा प्रयोग सुरू झाला. एकाच राज्यात एकीकडे महापूर आणि दुसरीकडे ढगांना पावसासाठी उद्युक्त करण्याची धडपड, हे दृश्य पाहिलेल्या कोल्हापूरकराला पृथ्वीचे तापमान कमी करण्यासाठी माणसाने वातावरणात हात घालावा काय, हा प्रश्न त्या विमानाची आठवण करून देत असेल, तर ते स्वाभाविक आहे. मात्र या दोन गोष्टी एक नाहीत, आणि त्या एक वाटण्यामागे बराचसा दोष आपल्या भाषेचा आहे.

शालेय भूगोलात 'हवा' म्हणजे ठरावीक वेळेची वातावरणीय स्थिती आणि 'हवामान' म्हणजे तिची दीर्घकालीन सरासरी, असा फरक शिकवला जातो. तो शाळेबाहेर टिकत नाही. उद्याच्या पावसाचा अंदाज देणारे खातेही हवामानाचे, आणि शतकभरात होणारा बदलही हवामानाचाच. परिणामी 'हवामानात हस्तक्षेप' या शब्दांनी नेमके काय सुचवायचे आहे, ते वाक्यातून कळत नाही. कृत्रिम पाऊस शाळेतल्या व्याख्येप्रमाणे 'हवे'त मोडतो : आधीच पाणी धरलेल्या ढगात सिल्व्हर आयोडाइड किंवा मिठासारखे क्षार सोडून थेंब मोठे होण्यास मदत करायची, आणि परिणाम काही तास व काही चौरस किलोमीटरपुरता. सोलापूर परिसरात 2018 आणि 2019 मध्ये झालेल्या प्रयोगांत पावसात सुमारे 18 टक्के वाढ नोंदवली गेली, तीही योग्य ढग मिळाले तेव्हा. सह्याद्रीवर दिवसेंदिवस कोसळणारा पाऊस अशा उपायाने घडवता येत नाही. पृथ्वीचे तापमान कमी करण्यासाठी केलेल्या हस्तक्षेपाला इंग्रजीत 'जिओइंजिनिअरिंग' म्हणतात; त्याचा 'भू-अभियांत्रिकी' हा प्रतिशब्द तर पाया खणणे आणि मातीपरीक्षण यांचीच आठवण करून देतो. शिवाय त्या एका शब्दाखाली दोन भिन्न कामे येतात : हवेतला कार्बन डायऑक्साइड काढून घेणे, आणि सूर्यप्रकाशाचा थोडा भाग परत अवकाशात पाठवणे. पहिले काम सावकाश व खर्चीक असले तरी मूळ कारणाला हात घालते. दुसरे स्वस्त आणि जलद असले तरी कार्बन जिथल्या तिथे राहतो, समुद्राचे आम्लीकरण थांबत नाही, आणि वर सोडलेले कण वर्ष-दोन वर्षांत खाली येत असल्याने ते पुन:पुन्हा सोडावे लागतात. ते एकाएकी थांबवले, तर दडपलेली तापमानवाढ झपाट्याने उसळते. दोन्हींना एका नावाने हाक मारणे मला सोयीचे वाटते ते फक्त दुसऱ्या कामाच्या पुरस्कर्त्यांसाठी.

जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. 1965 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांपुढे ठेवलेल्या अहवालात समुद्रावर परावर्तक कण पसरण्याची कल्पना होती. 1974 मध्ये एका सोव्हिएत शास्त्रज्ञाने स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या थरात, गंधकाचे कण सोडण्याचे सुचवले. व्हिएतनाम युद्धात पाऊस पाडण्याचे लष्करी प्रयत्न झाल्यानंतर पर्यावरणाचा शस्त्र म्हणून वापर रोखणारा आंतरराष्ट्रीय करार 1978 मध्ये अमलात आला. 1991 मध्ये फिलिपाइन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीने दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला आणि पृथ्वीचे सरासरी तापमान तात्पुरते सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. निसर्गाचा हा दाखला पुढे प्रत्येक पुरस्कर्त्याच्या तोंडी आला, आणि 2006 मध्ये एका नोबेलविजेत्या रसायनशास्त्रज्ञाने त्यावर गंभीर संशोधनाची मागणी केल्यावर हा विषय प्रतिष्ठित झाला.

भारताचा थेट सहभाग 2009 चा. दक्षिण महासागरात सुमारे 300 चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात लोह मिसळून शेवाळ वाढवायचे आणि त्याच्याबरोबर कार्बन तळाशी न्यायचा, अशी ही भारत-जर्मनीची संयुक्त मोहीम होती. आदल्याच वर्षी जैवविविधता करारातील देशांनी अशा प्रयोगांबाबत संयमाचे आवाहन केले असल्याने जहाज निघाल्यावर जर्मनीतच दोन मंत्रालयांत वाद पेटला. प्रयोग अखेर झाला. कवचासाठी लागणारी सिलिका पाण्यात कमी असल्याने कवचधारी शैवाल वाढलेच नाही, जे वाढले ते सूक्ष्म जीवांनी फस्त केले, आणि तळाशी फारच थोडा कार्बन गेला.

सूर्यप्रकाश अडवण्याच्या बाबतीत खरा पेच अधिकाराचा आहे, आणि तो समजायला कोल्हापूरला दूर जावे लागत नाही. कृष्णेवरील कर्नाटकच्या अलमट्टी धरणाची उंची 519.6 मीटर राहावी की 524.256 मीटर व्हावी, यावर महाराष्ट्र आणि कर्नाटक ही दोन राज्ये वर्षानुवर्षे भांडत आहेत, आणि प्रत्येक पुरानंतर तो प्रश्न पुन्हा वर येतो. एका धरणाच्या दारांबाबत ही स्थिती असताना पृथ्वीच्या तापमानाची कळ कोणाच्या हाती द्यायची? कण केवळ उत्तर गोलार्धात सोडले, तर पर्जन्यपट्टा दक्षिणेकडे सरकून आफ्रिकेच्या साहेल भागात अवर्षण येऊ शकते, असा इशारा 2013 च्या एका अभ्यासाने दिला आहे. जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातील फरकावर चालणाऱ्या आपल्या मोसमी पावसालाही ही चिंता परकी नाही.

सूर्यप्रकाश अडवण्याच्या संशोधनासाठी 2021 मध्ये स्वीडनमध्ये ठरलेले एका अमेरिकी विद्यापीठाचे फुग्याचे चाचणी-उड्डाण स्थानिक सामी समाजाच्या विरोधानंतर रद्द झाले आणि 2024 मध्ये तो प्रकल्पच गुंडाळला गेला. मेक्सिकोत एका खासगी कंपनीने परस्पर फुगे सोडल्यानंतर तेथील सरकारने 2023 च्या आरंभी अशा प्रयोगांवर बंदी जाहीर केली. 2024 मध्ये नैरोबीत संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत केवळ तज्ज्ञगट नेमून अभ्यास करण्याचा प्रस्तावही एकमताअभावी मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी अमेरिकेच्या टेनेसी राज्याने केलेल्या कायद्यात तापमान, दैनंदिन हवा आणि सूर्यप्रकाशाची तीव्रता या तिन्हींत बदल करण्याच्या हेतूने रसायने सोडण्यास एकाच वाक्यात मनाई आहे. म्हणजे शब्दांचा हा गोंधळ केवळ मराठीत नाही.