साइट वर्ड्‌स : घरचा सराव

इंग्रजी मजकुरात पुन्हापुन्हा येणारे आणि वाचताना नजर पडताच ओळखता यावेत असे शब्द म्हणजे साइट वर्ड्‌स. 'द', 'ऑफ', 'वॉज', 'सेड', 'दे' ही त्यांची नेहमीची उदाहरणे.

अमेरिकेतील एडवर्ड डॉल्च यांनी १९३६ मध्ये अशा २२० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. तीत नामे मुद्दाम घेतलेली नाहीत, कारण नामे विषयागणिक बदलतात. ९५ नामांची यादी त्यांनी वेगळी केली. पुढे एडवर्ड फ्राय यांनी वारंवारतेवर आधारलेली यादी केली व ती हजार शब्दांपर्यंत वाढवली. अशा याद्यांतले पहिले शंभर शब्दच छापील इंग्रजीचा सुमारे निम्मा भाग व्यापतात.

यादी आली की घरोघरी पाठांतर सुरू होते, आणि गाडे इथेच अडते. 'टी-एच-ई द' हे मूल गाण्यासारखे म्हणून दाखवते, पण गोष्टीच्या पुस्तकात तोच शब्द समोर आला की थबकते. स्पेलिंग तोंडपाठ असणे वेगळे, शब्द ओळखणे वेगळे. शिवाय यादीतले सगळेच शब्द आडमुठे नाहीत. 'कॅन', 'बिग', 'डिड' हे अक्षरांचे आवाज जोडून सरळ वाचता येतात. ते घोकायला लावणे म्हणजे वेळेची नासाडी.

वाचनाच्या अभ्यासक लिनिया एरी यांच्या मांडणीनुसार शब्द मनात पक्का होतो तो त्याचा आकार चित्रासारखा साठवल्याने नव्हे, तर अक्षरे आणि उच्चार यांची सांगड बसल्याने. म्हणून 'सेड' शिकवताना आधी शब्द म्हणावा, त्यातले तीन आवाज बोटांवर मोजावेत आणि मग अक्षरांकडे वळावे. एस आणि डी नेमाने वागतात. फसवतात ती मधली ए-आय. तेवढ्याच अक्षरांखाली रंगीत रेघ ओढावी. 'ऑफ'सारख्या शब्दाला एकट्याने फारसा अर्थ नसतो, म्हणून तो 'अ कप ऑफ टी' असा वापरूनच द्यावा. एका वेळी तीन-चार शब्द आणि पाच-दहा मिनिटे पुरतात. जुने शब्द दोन-चार दिवसांनी पुन्हा समोर आणावेत. 'वॉज' आणि 'सॉ' यांत तीच तीन अक्षरे उलटसुलट येतात, त्यामुळे ही जोडी एकाच दिवशी देऊ नये.

महाराष्ट्रात २००० पासून मराठी माध्यमातही पहिलीपासून इंग्रजी आहे. बाराखडीवर वाढलेल्या मुलाला 'पी-यू-टी पुट, मग बी-यू-टी बट का?' हा प्रश्न पडतोच, आणि तो रास्त आहे. त्याला गप्प न करता मराठीतलेच उदाहरण द्यावे: 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा. लिहायला एकच, पण 'ज' दोन ठिकाणी वेगळा.