आजोबा गप्प झालेत: नैराश्य की डिलिरियम?

टाळेबंदीत घरोघरी ऐकू येणारं वाक्य: "बाबांनी मनाला लावून घेतलंय." सत्तरी ओलांडलेले, मधुमेह आणि बीपी असलेले बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले, ताटाला हात नाही, विचारलं तर हूं की चूं नाही. मार्च 2020 पासून कट्टा बंद, नातवंडं लांब. मग नैराश्यच असणार! पण अशांतल्या काहींना नैराश्य नव्हतं, डिलिरियम होतं आणि तेच कोविडचं पहिलं लक्षण होतं. या वयात ताप येतोच असं नाही.

डिलिरियम म्हणजे आजारपणात मेंदूचा अचानक उडालेला गोंधळ, आपल्याकडे ज्याला 'वात झालाय' म्हणतात ते. बरळणारा, सलाईन उपटणारा माणूस लगेच ओळखू येतो. गप्प पडून राहणारा निसटतो.

आधी विचारा, कधीपासून? नैराश्य हळूहळू चढतं, निदानासाठी लक्षणं किमान दोन आठवडे टिकलेली असावी लागतात. डिलिरियम तासांत किंवा एक-दोन दिवसांत येतं. सोमवारी पेपर वाचणाऱ्या बाबांना बुधवारी चष्मा कसा घालायचा ते कळत नाही. शिवाय ते हेलकावतं: सकाळी ठीक, तिन्हीसांजेला मुलाला भाऊ समजून हाक मारतात.

मग वार उलटे म्हणायला सांगा. नैराश्यातला माणूस "राहू दे रे" म्हणेल, पण म्हणालाच तर रडतखडत पूर्ण करेल. डिलिरियममधला शुक्रवारपाशी भरकटतो, सुलट म्हणू लागतो, नाहीतर मध्येच डोळे मिटतो. (स्मृतिभ्रंश आधीपासून असेल तर तुलना त्यांच्या नेहमीच्या स्थितीशी करा.)

डिलिरियमची शंका आली तर साखर तपासा. जेवण सुटलेलं असतं, मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन मात्र चालू. 70 च्या खाली असेल आणि नीट गिळता येत असेल तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यातून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा मोजा. गुंगीत असतील तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना. ऑक्सिजनही मोजा. ऑक्सिमीटर गार बोटावर चुकतो; हात चोळून लावा. 94 च्या खाली आकडा म्हणजे थांबायचं नाही. लघवी तुंबली आहे का, पोट साफ आहे का, झोपेची किंवा सर्दीची नवी गोळी सुरू झाली का, हेही पाहा. सगळे आकडे ठीक आले तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि रक्तातलं सोडियम तपासायचं का ते विचारा.

सोडियमवर भर का? ते घसरलं की डिलिरियम होऊ शकतं. बीपीसाठीच्या लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या ते उतरवतात, नैराश्यावरची काही औषधंही उतरवतात. म्हणजे चुकीच्या निदानावर दिलेली गोळी डिलिरियम वाढवू शकते.

खरं नैराश्य ओळखायला भूक, झोप, थकवा फारसे कामाचे नाहीत. जुनाट आजारात ते तसेही बिघडलेले असतात. म्हणूनच ज्येष्ठांसाठीच्या 15 हो-नाही प्रश्नांच्या चाचणीत शारीरिक तक्रारी जवळपास वगळल्या आहेत. 5 किंवा जास्त गुण आले तर तज्ज्ञांकडे जावं. घरात मात्र बाबांचं "आता गोळ्या कशाला?" हे वाक्य कान देऊन ऐका. जगणं नकोसं झालंय का, असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो आलं तर एकटं सोडू नका आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 लावा.