धोका-निर्मूलन, बांधकामावरील (कोल्हापूर)

बांधकामाच्या जागी अपघाताचे कारणच उरू नये, अशा रीतीने कामाची आखणी करण्याची पद्धती. हेल्मेट, सुरक्षापट्टा व जाळी धोका असताना माणसाला वाचवतात. निर्मूलनात धोकाच मुळातून काढला जातो. उदा., शेडच्या लोखंडी कैच्या (छप्पर पेलणारे सांगाडे) उंचावर चढून जोडण्याऐवजी जमिनीवर जोडून क्रेनने उचलणे.

उगम : निर्मूलन, पर्याय, यांत्रिक अटकाव, कामाचे नियम आणि सर्वांत शेवटी वैयक्तिक साधने, हा उपायांचा क्रम साधारणतः १९५० च्या सुमारास अमेरिकेतील राष्ट्रीय सुरक्षा परिषदेने (नॅशनल सेफ्टी कौन्सिल) मांडला असे मानतात. काही जण त्याची बीजे आणखी मागे, विमाक्षेत्रातील हर्बर्ट हाइनरिख यांच्या १९३१ मधील मांडणीत शोधतात. मात्र ८८ टक्के अपघात कामगारांच्या असुरक्षित कृतींमुळे घडतात, हा हाइनरिख यांचा निष्कर्ष मुख्यतः विम्याचे दावे व पर्यवेक्षकांचे अहवाल यांवर बेतलेला होता. मूळ नोंदी आज तपासता येत नाहीत. त्यामुळे तो प्रमाण धरणे कठीण असून, दोष कामगाराकडे जाण्याआधी आराखडा तपासावा हे मत अधिक ग्राह्य वाटते.

खोदाई : शिवाजी पेठ, मंगळवार पेठ अशा जुन्या वस्तीत नव्या इमारतीचा पाया शेजारच्या जुन्या भिंतीला लागून खणावा लागतो. नदीकाठच्या काळ्या मातीत पाणी मुरले की खड्ड्याच्या बाजू ढासळतात. आयएस (भारतीय मानक) ३७६४ नुसार १.५ मी. पेक्षा खोल चराला आधार द्यावा लागतो. पाया पावसाळ्यापूर्वीच भरून घेणे, शेजारच्या भिंतीलगत सलग चर न खणता तुकड्यातुकड्याने काम करणे आणि उपसलेली माती काठावर न रचणे हे निर्मूलनाचे खरे उपाय होत.

सेंट्रिंग (काँक्रीट घट्ट होईपर्यंतचा तात्पुरता आधार) : आयएस ४५६ : २००० प्रमाणे ४.५ मी. पर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधील अंतर) स्लॅबखालचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस, ६ मी. पर्यंतच्या तुळईचे १४ व त्यापुढे २१ दिवस ठेवावयाचे असतात. हे आकडे साध्या पोर्टलंड सिमेंटसाठी व हवेचे तापमान १५° से. हून कमी नसताना लागू आहेत. राखमिश्रित पीपीसी सिमेंट सर्रास वापरले जात असल्याने हा काळ वाढवावा लागतो. नेमकी हीच अट जागेवर सर्वाधिक विसरली जाते. सेंट्रिंगचे सामान भाड्याचे असल्याने पुढच्या साइटसाठी ते लवकर सोडवण्याची घाई होते. पुरेसे टेकू आधीच ठरवून घेतले, तर ही घाई उद्भवत नाही.

परांची : बांबू व सुंभाची जागा लोखंडी नळ्यांनी बऱ्याच अंशी घेतली आहे. कठडा व पायपट्टी (फळीच्या कडेची उभी पट्टी) दोन्हींना आवश्यक.

कायदा : १९९६ चा बांधकाम कामगार कायदा दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होता, मालकाच्या स्वतःच्या राहण्यासाठीची १० लाख रुपयांपर्यंतची घरे त्यातून वगळलेली होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनेही दहाची मर्यादा कायम ठेवली आहे. परिणामी गवंडी व चार-पाच बिगारी मिळून उभारतात त्या घरांवर सुरक्षेचा भार ठेकेदार व घरमालक यांच्या समजुतीवरच राहतो. बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळाकडील नोंदणीस मागील वर्षभरात ९० दिवसांचे काम आणि १८ ते ६० वय, या अटी आहेत.