हूवर धरणाआधी बोल्डर सिटी: पश्चिम अमेरिका सहलीच्या प्रवाशांसाठी

नमस्कार,

सहलीचा कार्यक्रम हातात पडला की दरवेळी दोन-तीन जणांचा फोन येतोच. "लास व्हेगासहून थेट धरणावर का जात नाही? मध्ये बोल्डर सिटीत अडीच तास कशाला?" प्रश्न रास्त आहे. तिथे उंच इमारती नाहीत, कॅसिनो नाहीत, खरेदीलाही फारसं काही नाही. पण ज्यांनी धरण बांधलं ती माणसं राहिली कुठे, जेवली काय, उन्हाळ्यात झोपली कशी, हे ठाऊक नसेल तर धरणावर उभं राहून नुसतं काँक्रीट दिसतं. म्हणून आम्ही आधी गावात नेतो. हे पत्रक विमानात सवडीने वाचा.

गावाआधीचा उन्हाळा

१९३१च्या मार्चमध्ये 'सिक्स कंपनीज' या नावाने एकत्र आलेल्या ठेकेदारांना धरणाचं कंत्राट मिळालं. अमेरिकेत मंदी होती, हातांना काम नव्हतं. धरणावर भरती होणार हे कळताच बायकापोरांना जुन्या मोटारींत घालून लोक नेव्हाडाच्या वाळवंटात येऊन थडकले. खरं तर आधी गाव उभं करायचं आणि मग धरणाला हात घालायचा असं ठरलं होतं. पण रोजगार ताबडतोब सुरू व्हावा असा सरकारवर दबाव होता, त्यामुळे क्रम उलटला. घरं तयार नसतानाच ब्लॅक कॅन्यनमध्ये, म्हणजे कोलोरॅडो नदीच्या ज्या दरीत धरण व्हायचं होतं तिथे, सुरुंग उडू लागले.

माणसं मग नदीकाठीच राहिली. तंबू, पुठ्ठे, पत्रे, जे हाती लागेल त्याचा आडोसा. त्या वस्तीला 'रॅगटाउन' म्हणायचे, चिंध्यांचं गाव. दरीतले खडक दिवसभर तापत आणि रात्रीही निवत नसत. ओल्या चादरी अंगावर घेऊन लोक झोपायचे. त्या उन्हाळ्यात उष्माघाताने माणसं दगावली. ऑगस्टमध्ये कामगारांनी संप केला. मागण्यांत प्यायला थंड पाणी होतं, स्वच्छता होती, सुरक्षितता होती. संप मोडला गेला, पण त्यानंतर घरांच्या कामाला वेग आला.

नकाशा नीट बघा

गावाचा आराखडा साको डी बोअर या डेन्व्हरच्या नगररचनाकाराचा. जन्माने ते डच. धरणाच्या जागेपासून सुमारे ११ किलोमीटरवर, दरीपेक्षा बऱ्याच उंचावरची, वारं लागणारी जागा गावासाठी निवडली होती. नकाशा पाहिलात तर गाव सुपासारखं दिसतं: एका टोकाला निमुळतं, दुसरीकडे पसरत गेलेलं. निमुळत्या टोकाला टेकडीवर सरकारी कचेरी. तिच्या जवळ अधिकाऱ्यांची विटांची घरं, मध्ये बाजारपेठ, आणि पुढे पसरलेल्या भागात कामगारांची लाकडी घरं. कोलोरॅडो नदीचं पाणी ज्या सात राज्यांत वाटलं गेलं त्यांची नावं वरच्या रस्त्यांना दिली. कामगारांच्या भागातल्या रस्त्यांना नुसती ए, बी, सी अशी अक्षरं.

मागच्या एका सहलीत पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका होते. नकाशावर बोट ठेवून ते म्हणाले, "अहो, ही तर आमची प्रकल्पाची कॉलनी! साहेब वर, आम्ही खाली." तुमच्यापैकी कुणाचं बालपण धरणाच्या वसाहतीत गेलं असेल, तर हे गाव तुम्हाला आमच्यापेक्षा लवकर कळेल.

डी बोअर यांचा मूळ आराखडा खर्चापायी बराच छाटला गेला, तरी झाडं आणि हिरवळ राहिली. विल्बर वीड या उद्यानतज्ज्ञाकडे ते काम होतं. पाणी मात्र खालून, नदीतून आणावं लागे. गढूळ पाण्यातला गाळ काढायचा आणि अर्ध्या किलोमीटरहून जास्त उंच चढवायचं. बाजारपेठेतल्या झाडाखाली सावलीला उभे राहाल तेव्हा हे आठवा.

कामगारांची घरं एक, दोन किंवा तीन खोल्यांची, भराभर ठोकलेली आणि सगळी एकसारखी. पाळी संपवून दमून आलेला माणूस चुकून शेजारच्याच घरात शिरायचा, असं तिथे सांगतात. एकट्या पुरुषांसाठी मोठ्या बराकी होत्या. झोपायची जागा, तिन्ही वेळचं जेवण आणि धरणापर्यंतची ने-आण मिळून पगारातून रोज १ डॉलर ६० सेंट कापले जात. भोजनगृहात एका पंगतीला हजाराहून अधिक माणसं बसत. काम तिन्ही पाळ्यांत चाले, त्यामुळे चूल कधी थंड होत नसे.

फाटकाच्या आत आणि बाहेर

हा भाग आम्ही मुद्दाम सांगतो, कारण तिथल्या सुंदर फोटोंत तो दिसत नाही. गाव सरकारी जमिनीवर होतं. वेशीवर फाटक होतं, आत जायला परवाना लागे. निवडून दिलेली नगरपालिका नव्हती. सिम्स इली नावाचे करडे व्यवस्थापक कारभार बघत. दारू, जुगार बंद. नियम मोडणाऱ्याला ते गावाबाहेर काढू शकत, म्हणजे घर आणि काम दोन्ही जाई. पगाराचा काही भाग कंपनीच्या दुकानातच चालणाऱ्या कुपनांत मिळे; १९३३मध्ये सरकारने ते थांबवलं.

आणि सगळ्यांना फाटक उघडं नव्हतंच. आशियाई वंशाच्या मजुरांना करारानेच मज्जाव होता. काळ्या कामगारांना १९३२पासून कामावर घेतलं, तेही हजारोंमध्ये मूठभर, आणि त्यांना या गावात राहू दिलं नाही. ते रोज लास व्हेगासहून येऊन-जाऊन काम करत. तेच धरण, तेच ऊन, पण सावली वेगळी. आम्हाला हे गाव मनापासून आवडतं आणि तरीही ही गोष्ट वगळून ते दाखवणं आम्हाला पटत नाही.

धरणानंतर

३० सप्टेंबर १९३५ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या हस्ते २२१ मीटर उंचीच्या धरणाचं लोकार्पण झालं. काम संपलं तशी माणसं पांगली, बरीच घरं उचलून दुसरीकडे नेली. गाव मात्र उठलं नाही. ४ जानेवारी १९६०ला स्वतःची नगरपालिका आली आणि रहिवाशांना राहती घरं विकत घेता आली. दारूविक्रीला १९६९मध्ये परवानगी मिळाली. जुगार आजही बंद आहे, तोही नेव्हाडात! गाव फार वाढू नये म्हणून १९७९पासून नव्या घरांच्या संख्येवर मर्यादा आहे. आज वस्ती सुमारे १५ हजार.

त्या दिवशी

लास व्हेगासहून बस सकाळी ८ला निघेल. अंतर सुमारे ४० किलोमीटर. आधी १९३३च्या बोल्डर डॅम हॉटेलातलं धरणाचं संग्रहालय, मग ज्यांना चालवेल त्यांनी आमच्याबरोबर कामगारांच्या रस्त्यांवरून पायी फेरी. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी बाजारपेठेत बसावं, बाकं आहेत. टोपी आणि पाण्याची बाटली प्रत्येकाकडे हवीच; मे ते सप्टेंबरच्या सहलींत दोन बाटल्या.

शेवटी हेमेनवे पार्क. तिथून खाली मीड सरोवर दिसतं. सरकारी जलखात्याचे प्रमुख एलवुड मीड यांचं नाव त्याला दिलं आहे. डोंगरातली वळलेल्या शिंगांची रानमेंढरं इथली हिरवळ चरायला उतरतात, पण ती रोज दिसतीलच असं नाही. दिसली तर लांबूनच फोटो काढा. चिवडा, लाडू काहीही घालू नका, आणि नातवंडांचा हात धरून ठेवा. बस ११ वाजता पार्कच्या फाटकाशी उभी असेल.