पणजोबा कुठल्या महायुद्धात होते, पहिल्या की दुसऱ्या?

चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत ज्या घरातला माणूस पलटणीत होता, तिथे पुढच्या पिढीकडे बहुधा एवढंच आलेलं असतं: ते जर्मनच्या लढाईत होते. दोन्ही वेळी समोर जर्मनी होता. दोन्ही वेळी मुंबईच्या बंदरातून बोटी सुटल्या आणि इजिप्त, बसरा ही नावं दोन्ही वेळच्या पत्रांत आली. म्हणून १९१६ चा शिपाई आणि १९४२ चा शिपाई यांच्या गोष्टी एकमेकांत मिसळून जातात. यात नुसता इतिहासाचा घोळ नाही. चुकीच्या युद्धात शोधलेली नोंद सापडतच नाही आणि माणूस पलटणीत नव्हताच, असा उलटा निष्कर्ष काढला जातो. शिवाय राज्य शासनाचं मानधन दुसऱ्या महायुद्धातल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना आहे, पहिल्या युद्धाच्या कागदाचा तिथे उपयोग नाही.

गोष्टी बाजूला ठेवून आधी पलटणीचा आकडा बघावा. पहिल्या युद्धात मराठा पलटणींचे क्रमांक तीन आकडी होते: १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७. १९२२ मध्ये या सगळ्यांची मिळून ‘५वी मराठा लाइट इन्फंट्री’ ही एकच रेजिमेंट झाली. १०३ ची पहिली बटालियन, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी, आणि ११४ ची दहावी, म्हणजे रंगरुटांना तयार करणारी. त्यामुळे कागदावर ‘११० मराठाज’ असेल तर युद्ध पहिलं, ‘३/५ एम.एल.आय.’ असेल तर दुसरं. यातला ३ बटालियनचा, ५ रेजिमेंटचा. घोटाळा होतो तो शिपायाच्या नंबरामुळे. पदकाच्या कडेवर आधी नंबर, मग हुद्दा, मग नाव आणि शेवटी पलटण असा क्रम असतो. सुरुवातीचा आकडा पलटणीचा समजून शोध घेतला की सगळंच फसतं.

महार सैनिकांच्या घरांसाठी हा फरक आणखी काटेकोर आहे. दापोलीच्या कॅम्पात पेन्शनर महार सुभेदारांची वस्ती होती, पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांची भरती थांबवली गेली. पहिल्या युद्धात गरज पडल्यावर १९१७ मध्ये ‘१११ महार्स’ उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात सुरू झाली. म्हणजे १९१४ ते १९१६ या काळात महार माणूस बंदूकधारी शिपाई असल्याचं घरात सांगत असतील, तर तो मजूर तुकडीत किंवा पलटणीमागच्या कामगारांत होता का हे आधी तपासावं. त्यात कमीपणा काही नाही, पण नोंद वेगळ्या वहीत असते.

किनाऱ्यावरच्या, विशेषतः रत्नागिरीकडच्या मुसलमान घरांतली माणसं आरमारात जास्त. तिथे खूण सरळ आहे: १९३४ पर्यंत ‘रॉयल इंडियन मरीन’, त्यानंतर ‘रॉयल इंडियन नेव्ही’. व्यापारी बोटीवरचा खलाशी हा तिसराच प्रकार. तो सैनिक नव्हता, तरी टॉर्पेडोने बोट बुडाली तेव्हा तोही बुडाला.

आता ट्रंकेतलं धातूचं सामान. सगळ्यात झटपट परीक्षा राजाच्या तोंडाची. दाढीवाला तो पंचम जॉर्ज, म्हणजे पहिलं युद्ध. गुळगुळीत चेहऱ्याचा सहावा जॉर्ज, म्हणजे दुसरं. मात्र दाढीवाल्या पदकावर ‘इराक’ किंवा ‘अफगाणिस्तान १९१९’ अशी आडवी पट्टी असेल, तर ते महायुद्धानंतरच्या मोहिमेचं आहे.

पहिल्या युद्धाची ओळखायची पदकं तीन. एक चांदीचं गोल, ३६ मिलिमीटरचं, मागे घोडेस्वार आणि १९१४, १९१८ ही सालं. मजूर तुकड्यांना हेच ब्राँझमध्ये मिळे. दुसरं ब्राँझचं, पंखवाल्या देवतेचं, इंद्रधनुषी फितीचं. यावर राजा नसतो, म्हणून दाढीची परीक्षा इथे चालत नाही. तिसरं चार टोकांच्या ताऱ्याचं, मध्ये फुलीसारख्या एकमेकींवर ठेवलेल्या तलवारी आणि साल. दुसऱ्या युद्धाचे तारे सहा टोकांचे, पितळी रंगाचे. मधल्या वर्तुळावर मोहिमेचं नाव, म्हणजे आफ्रिका, इटली, बर्मा. त्यांच्यासोबत सिंह पायाखाली दोन तोंडांचा ड्रॅगन दाबून उभा आहे असं पांढऱ्या धातूचं गोल पदक येतं. मागे हिंदुस्थानचा नकाशा असलेलं पदक मिळालं, तर माणसाने युद्धकाळात देशातच दीर्घ नोकरी केली. म्हणून तो बर्मात गेलाच नाही असं नव्हे, पण बर्मा स्टार नसेल तर तसं गृहीत धरू नये.

पदक ब्रासोने किंवा चिंचेने घासू नये. कडेवरची अक्षरं उथळ असतात, दोनचार वेळा घासली की गेलीच. मोबाइलची बॅटरी बाजूने तिरपी धरून कडेचा फोटो काढला तर पुसट नावही वाचता येतं. चांदीची पदकं पुष्कळ ठिकाणी वितळवली गेली, त्यामुळे पहिल्या युद्धाचा ब्राँझचा जोडीदार एकटाच उरलेला असतो. सुमारे १२ सेंटिमीटरची ब्राँझची जड तबकडी, सिंह आणि त्रिशूळधारी बाई असलेली, मिळाली तर तो माणूस पहिल्या युद्धात मेला असं समजावं. दुसऱ्या युद्धात तबकडी दिली नाही. या तबकडीवर नाव असतं, हुद्दा नसतो.

गावातल्या संगमरवरी पाट्याही पहिल्याच युद्धाच्या: या गावातून इतके गेले, १९१४-१९१९, त्यापैकी इतक्यांनी प्राण दिले. नावं नसतात, फक्त आकडे. पत्र असेल तर तिकीट बघावं. ‘आय.ई.एफ.’ अशी छपाई तिकिटावर असेल तर ते पहिल्या युद्धात बाहेर पाठवलेल्या फौजेचं. त्यात ‘डी’ फौज मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकची, आणि मराठा पलटणींचा मोठा भाग तिथेच गेला.

मेसोपोटेमिया म्हणजे तिथलं कूत हे गाव. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा तुर्कांचा वेढा, आत १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी. धान्य संपत आल्यावर घोड्याचं मांस वाटलं गेलं. बहुतेक हिंदी शिपायांनी धर्मापायी ते नाकारलं आणि जवाच्या पिठावर दिवस काढले. ताजी भाजी नाही, मांस नाही, त्यामुळे त्यांना स्कर्व्ही झाला: हिरड्या सुजल्या, जुन्या जखमा उघडल्या. गोऱ्या शिपायांना बेरीबेरीने धरलं, कारण त्यांच्या पावाचं पीठ पांढरं होतं. वेढा एकच, पण ताटातल्या फरकाने आजार दोन. शरणागतीनंतर सुमारे १३,००० माणसं कैद झाली आणि वाळवंटातून चालवत नेलेल्यांतली हजारो परतली नाहीत. दुसऱ्या युद्धातला कैदी बहुधा २/५ मराठाचा. ती बटालियन जून १९४२ मध्ये लिबियातल्या तोब्रुकला पकडली गेली. या दोघांच्या कहाण्या घरात सर्रास एक होतात. वाळवंट, उपासमार, कैद, सगळं सारखंच ऐकू येतं. उपासमार कैदेच्या आधीची असेल तर ते कूत.

दुसऱ्या युद्धात मराठे पूर्व आफ्रिकेतल्या केरेनला, इटलीत आणि बर्मा सीमेवर होते. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे, ३/५ मराठा, १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच वर्षी मार्चमध्ये ४/५ मराठा मणिपुरातल्या सांगशाकला जपान्यांशी लढत होती. बर्माकडून रजेवर आलेल्या माणसाची कातडी पिवळसर दिसे. ती कावीळ नव्हे, मलेरियासाठी रोज घ्यायच्या मेपाक्रिनच्या गोळीचा रंग.

घरचं चित्र मात्र दोन्ही वेळी अगदी निराळं. पहिल्या युद्धात शिपायाचा पगार महिना ११ रुपये, आणि त्यातली मनिऑर्डर हाच युद्धाचा घरापर्यंत पोचणारा हात. बाकी लढाई दूर होती. घरात ती शिरली शेवटच्या वर्षी, तापाच्या रूपाने. जून १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झा मुंबई बंदरात आला, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरी, फार घातक लाट आली, आणि त्याच वर्षी पाऊसही बुडाला. देशभरात या साथीने एक कोटीहून जास्त माणसं नेली; पहिल्या युद्धात मेलेले हिंदी सैनिक सुमारे ७४,०००. घरच्या वंशावळीत १९१८ च्या पावसाळ्याअखेर दोनतीन तरुण नावं एकदम संपत असतील, तर ती लढाईत गेली असं लिहून मोकळं होऊ नये.

दुसऱ्या वेळी युद्ध आधी चुलीपर्यंत आलं. मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं आणि बर्माचा तांदूळ थांबला. कोकणात भात पिकतं खरं, पण रत्नागिरी जिल्ह्याला ते वर्षभर पुरत नसे. चाकरमान्याच्या पैशावर बाहेरचा तांदूळ येई, तो पैसा असूनही मिळेना. मुंबईत मे १९४३ मध्ये रेशन सुरू झालं आणि भातखाऊ माणसाच्या पिशवीत गहू-बाजरी आली. गावाकडे नाचणी, वरी यांच्यावर भागवायचं. चांदी दोन्ही वेळी आटली, पण खुणा वेगळ्या: १९१७ मध्ये पहिल्यांदा एक रुपयाची नोट निघाली; १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४३ पासून तांबं वाचवायला भोकाचा पैसा चालू झाला. ट्रंकेच्या तळाला हा पैसा सापडला तर तो काळ दुसऱ्या युद्धाचा, मालक शिपाई असो वा नसो.

एक तारीख वेगळी लक्षात ठेवावी: १४ एप्रिल १९४४. त्या दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये दारूगोळ्याने भरलेली ‘फोर्ट स्टिकीन’ बोट फुटली. गोदीत कोकणातले हमाल, खलाशी खूप होते. त्या दिवशी गेलेला माणूस ‘युद्धात गेला’ असं घरात म्हणतात, पण सैनिकांच्या यादीत त्याचं नाव नसण्याचीच शक्यता जास्त.

युद्धात मेलेल्याचा शोध घ्यायला बसताना कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे युद्धातल्या मृतांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या, नोंदी वापराव्यात. पहिल्या युद्धाची मुदत ते ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ धरतात, दुसऱ्याची ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. म्हणून १९२० मध्ये इराकात मेलेला शिपाईही पहिल्याच यादीत मिळतो. बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी शिपायांची नावं कोरलेली नाहीत, पलटणीखाली फक्त संख्या आहे. नाव नोंदवहीत शोधावं, भिंतीच्या फोटोत नव्हे. बर्मात मेलेल्यांसाठी रंगून स्मारक, इटलीसाठी कॅसिनो आणि सांग्रो. खलाशांची दोन्ही युद्धांची स्मारकं मुंबईतच, मस्जिद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहेत. जिल्हा टाकताना सिंधुदुर्ग टाकू नये, तो १९८१ चा. मालवण, देवगड, कणकवली तेव्हा रत्नागिरीत, रायगडचं नाव कुलाबा, आणि सावंतवाडी, जंजिरा ही संस्थानं. आडनाव न लिहिता फक्त स्वतःचं नाव नोंदवलेले शिपाई खूप आहेत, तेव्हा ‘सावंत’ने काही मिळालं नाही तर ‘सखाराम’ने, पलटण जोडून, पुन्हा शोधावं.